स्थानिक वेळ कुणाची

ऑफिसात तिला सगळे तारीखबाई म्हणत. समोर असली की नुसतं ‘बाई’ आणि पाठ फिरली की पूर्ण. तिला ते ठाऊक होतं, आणि आता त्याचं काही वाटतही नसे. पन्नाशी उलटलेली, दोन्ही दुखऱ्या मनगटांना आधाराचे पट्टे, एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत. बसल्या बसल्या डोळे मिटून घ्यायची तिला सवय होती. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना डुलकी लागली. डुलकी कसली, ती मनातल्या मनात कुठल्यातरी देशाचं घड्याळ पुढेमागे करत असायची.

कंपनी लहानच होती. चौथ्या मजल्यावर मधली भिंत पाडून एक केलेल्या दोन खोल्या, खाली बुटांचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम रबराचा वास. प्रोग्राम लिहिणारी माणसं रोज जे बदल करतात, त्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवत. कुणी बदललं, काय बदललं, कधी बदललं. कुठे गडबड झाली तर मागे जाऊन बघता यावं, वाटलं तर जुनं परत आणता यावं. ‘कुणी’ आणि ‘काय’ यांच्यामागे हुशार माणसांची रीघ होती. ‘कधी’ कुणालाच नको होतं. ती कंपनीत आली तेव्हा नोकरी सोडून जाणाऱ्या एका माणसाने ते तिच्या टेबलावर ठेवलं, आणि मग ते तिच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

बाहेरच्याला वाटेल, तारखेत काय एवढं? एकाने ३/४ लिहिलं. एक म्हणतो तीन एप्रिल, दुसरा म्हणतो चार मार्च, आणि दोघांनाही इतकी खात्री असते की विचारून बघायची गरजच भासत नाही. काही देश उन्हाळा आला की घड्याळ तासभर पुढे ढकलतात आणि थंडीत मागे घेतात. मग वर्षातून एकदा एक तास दोनदा येतो आणि एकदा एक तास येतच नाही. एखादं सरकार शुक्रवारी संध्याकाळी जाहीर करतं, परवापासून हा प्रकार बंद. झालं, हिचा शनिवार गेला. संगणकाच्या पोटात वेळ म्हणजे एक लांबलचक मोजणी असते, साऱ्या जगाला एकच. तिथे काही तंटा नाही. तंटा सुरू होतो तो ती मोजणी माणसाला वाचून दाखवताना. तारीख बरोबर असली की कुणाला दिसत नाही आणि चुकली की आंधळ्यालाही दिसते, असं ती म्हणायची. पूर्वी हे हसून म्हणायची.

त्या मोजणीशेजारी आणखी एक छोटा आकडा जपून ठेवलेला असे. नोंद करणाऱ्याचं घड्याळ जगाच्या सामायिक घड्याळाच्या किती पुढे किंवा मागे आहे, ते सांगणारा. ऑफिसात त्याला ‘शेपूट’ म्हणत. सुरुवातीला ते पडद्यावर दिसायचं. पण गिऱ्हाइकं विचारायला लागली, की वेळेच्या पुढे हे काय लोंबतंय? मालकांनाही ते डोळ्यांत खुपायला लागलं. आत ठेवा, पण दाखवू नका, असं त्यांनी सांगितलं. ती थोडी कुरकुरली, मग गप्प बसली. शेपूट आत राहिलं, पडद्यावरून गेलं. कुणाला बघायचंच असेल तर एक वेगळी आज्ञा द्यावी लागे, आणि ती कुणी देत नसे.

घरी तिचा नवरा बेकरीत भट्टीवर होता. तो उजाडायच्या आत जायचा आणि संध्याकाळी ती परत येईस्तोवर आतल्या खोलीत झोपायच्या तयारीत असायचा. बरीच वर्षं दोघांची भेट व्हायची ती स्वयंपाकघराच्या दारात, एक आत येताना आणि एक बाहेर पडताना. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या कानात सांगायला गेल्या तरी शेजाऱ्यांना कळायचं. टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं की त्या म्हणत, चालू कुठंय? नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून ही पायांत सपाता न घालता वावरायची, भांडी कपड्यावर ठेवायची, आणि भाजी चिरताना सुरी सावकाश टेकवायची. भांडण म्हणाल तर नव्हतं कुणाचं कुणाशी. फक्त सगळेच दमलेले होते.

एका दुपारी गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघणारा दाढीवाला तिच्या टेबलाशी आला. तो गेली कित्येक वर्षं दाढी काढणार काढणार म्हणत होता. हातातला कागद त्याने टेबलावर ठेवला. वेळेचं आहे, म्हणजे तुमचं, असं म्हणून तो निघून गेला.

मेल छोटा होता. लिहिणारा लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा, घरी बसून. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या देशात, त्याच्या घड्याळाच्या सात तास मागे. ‘लिहायचा’ असं त्याने स्वतःच लिहिलं होतं. त्याला कामावरून काढलं होतं. त्याची विनंती एवढीच होती, की तुमच्या सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर ‘यादीतली वेळ स्थानिक असते’ असं एक वाक्य आहे. स्थानिक म्हणजे कुणाची, हे कुणीतरी मला सांगाल का?

ते वाक्य तिने लिहिलेलं होतं. कधी लिहिलं ते आठवत नव्हतं, पण लिहिताना त्यात काही खोट असेल असं वाटलं नव्हतं हे मात्र नक्की. तिने लगेच उत्तर दिलं, की स्थानिक म्हणजे ज्याने नोंद केली त्याची. बघणाऱ्याची नव्हे. दोन ओळींचं उत्तर. मग ती दुसऱ्या कामाला लागली, आणि तासाभराने दाढीवाल्याने फोन तिच्याकडे वळवला. तोच माणूस होता.

त्याचा आवाज मऊ होता, आणि मागे कुठेतरी तान्हं बाळ कुरकुरत होतं. आपण चिडून बोलणार नाही असं जणू ठरवूनच त्याने फोन केला होता. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. एका राहत्या इमारतीतली लिफ्ट मजल्याला नीट लागली नाही, वीतभर खाली थांबली. एक म्हातारे गृहस्थ बाहेर पाऊल टाकायला गेले आणि पडले, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. चौकशी बसली. लिफ्ट कुठे थांबायची ते ठरवणाऱ्या भागात शेवटचा बदल याचा होता. बदल याचा होता हे तो नाकारत नव्हताच. पण कंपनीचा एक नियम होता. नवी आवृत्ती तपासणीला जाण्यापूर्वी एक वेळ जाहीर होते आणि तिच्यानंतर कुणी कशाला हात लावायचा नाही. त्या वेळेच्या आधी आलेलं सगळं तपासणीवाले तपासतात. त्या खेपेला ती वेळ होती गुरुवारी दुपारी बारा, मुख्य कार्यालयाच्या घड्याळाने. याने आपला बदल नोंदवला गुरुवारी दुपारी चार वाजता, स्वतःच्या घड्याळाने. म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. पण चौकशीच्या कागदावर छापून आलं होतं फक्त ‘१६:००’.

त्यावरून निष्कर्ष निघाला, की याने मुदत संपल्यावर गुपचूप बदल घुसवला. म्हणून तो तपासला गेला नाही, म्हणून लिफ्ट चुकीची थांबली, म्हणून म्हातारे पडले. याने घड्याळातल्या फरकाचं सांगून पाहिलं. त्यावर चौकशी करणाऱ्या तपासनीस बाईंनी तिच्या कंपनीला विचारलं होतं, आणि दाढीवाल्याने इमानेइतबारे मदतीच्या पानावरचं वाक्य उतरवून पाठवलं होतं. यादीतली वेळ स्थानिक असते. मुख्य कार्यालयात बसून वाचलं तर स्थानिक म्हणजे इथली, आणखी कुठली? शेपूट बघायला याच्याकडे आता काही नव्हतं. काढल्या दिवशीच त्याचा पासवर्ड बंद झाला होता.

तो शेवटी म्हणाला, “मॅडम, चूक माझ्या कोडमध्ये असेल तर असू दे. चूक प्रत्येकाची होते. पण मी चोरून काही केलं असं जे लिहिलंय ना, ते मला झोपू देत नाही.”

तिने सांगितलं, मी बघते. फोन ठेवला आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. या खेपेला ती कुठलंही घड्याळ फिरवत नव्हती.

मालक वाईट माणूस नव्हते. कंपनी काढली तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते आणि डोक्यात मोठमोठे बेत होते. आता ते दुपारी जेवणानंतर दोन गोळ्या घेत आणि कुणी केबिनचं दार वाजवलं की आधी उसासा टाकत. तिने सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, की पानावरचं वाक्य आजच सुधारा. पण त्या माणसाला आपण काही लिहून द्यायचं नाही. तो लिफ्टवाला आपलं मोठं गिऱ्हाईक आहे. त्यांच्या घरातल्या भांडणात आपण कशाला पडायचं? उद्या ते म्हणतील, तुमच्या वाक्यामुळे आमची फसगत झाली. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलंय?

तिने म्हटलं, फसगत झालीच आहे. ते म्हणाले, झाली असेल, पण तसं म्हणायची घाई आपण करायची नाही.

ती टेबलावर परत आली आणि वाक्य सुधारलं. ‘यादीतली वेळ नोंद करणाऱ्याच्या ठिकाणची असते, बघणाऱ्याच्या नव्हे.’ करायला किती सोपं होतं. एवढे चार शब्द जास्तीचे पहिल्यांदाच लिहिले असते तर काय बिघडलं असतं, असा विचार येऊन तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं. त्या माणसाला मात्र या सुधारणेचा काही उपयोग नव्हता. उलट कुणी म्हणायचं, पान काल बदललं, त्याआधीचं आम्हाला काय ठाऊक?

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा जेवून ताट धूत होता. त्याच्या हातांच्या पाठीवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग होते, नवे कमी आणि जुने फार. तिने त्याला सगळं सांगितलं, हळू आवाजात, कारण हळू बोलायची दोघांना सवयच झाली होती. घड्याळांचा भाग त्याला फारसा कळला नसावा. बाळाचा कळला.

त्याने विचारलं, “वाक्य तूच लिहिलेलं?”

“मीच.”

“मग त्याच्यात मालकाला काय विचारायचं?”

ती म्हणाली, नोकरी त्यांच्याकडे आहे, म्हणून. त्याने ताट पुसून ठेवलं आणि झोपायला गेला. दारातून वळून एवढं म्हणाला, की पाव कच्चा राहिला तर गिऱ्हाईक दुकानदाराला बोलतं, पण भट्टीवर कोण होतं हे भट्टीवाल्याला ठाऊक असतं. बाहेरून सासूबाईंनी मोठ्यांदा विचारलं, कुणाचा पाव कच्चा राहिला? त्यांना नेमकं तेवढंच ऐकू आलं होतं. कुणाचा नाही, असं तिने ओरडून सांगितलं, आणि मग नवरा झोपायला गेलाय हे आठवून जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र लिहिलं. ते लिहिताना तिला जाणवलं, की आपण कितीतरी वर्षांत संगणकासाठी नाही तर माणसासाठी काही लिहिलेलं नाही. शब्द सरळ येईनात. एकदा फार लांबलं, एकदा फार माफीचं झालं. शेवटी जे उरलं ते असं, की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारी वेळ ही नोंद करणाऱ्याच्या घड्याळाची असते. पानावरचं वाक्य मी लिहिलं होतं, ते अपुरं होतं आणि त्यावरून गैरसमज होणं साहजिक आहे. खरी वेळ पाहायची असेल तर अमुक आज्ञा द्यावी, म्हणजे घड्याळांतला फरक सांगणारा आकडा, ज्याला आम्ही शेपूट म्हणतो, तो दिसेल. खाली सही.

ते तिने मालकांपुढे ठेवलं आणि सांगितलं, की मी हे पाठवणार आहे, तुम्हाला आधी दाखवावं म्हणून आणलं. मालकांनी दोनदा वाचलं. खिडकीबाहेर बघितलं. खाली बुटांच्या दुकानापुढे माल उतरत होता, खोक्यांवर खोकी. मालकांनी तिला विचारलं, की तुम्हाला या वयात दुसरीकडे कुठे नोकरी मिळेल असं वाटतं का? धमकी नव्हती ती, खरंच विचारत होते. ती म्हणाली, नाही वाटत.

“मलाही नाही वाटत, मला दुसरं गिऱ्हाईक मिळेल असं,” मालक म्हणाले. कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला. “हे मी पाहिलेलं नाही, बाई.”

तिने पत्र पाठवलं. एक प्रत त्या माणसाला, एक लिफ्टच्या कंपनीला.

त्यानंतर बरेच दिवस काहीच घडलं नाही. ती रोज सकाळी मेल उघडायची आणि दुसऱ्याच कशाकशाची उत्तरं द्यायची. कुणाची वर्षं उलटी छापली जात होती. कुणाला ‘काल’ असं लिहून शोधलं तर परवाचं सापडत होतं, कारण त्यांच्याकडे दिवस आधीच उलटलेला होता. मालक जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलत. दाढीवाला मात्र खट्टू झाला होता. त्याच्या मनाने घेतलं होतं, की तपासनीस बाईंना वाक्य पाठवलं ते त्याने, म्हणजे खापर आपल्याच डोक्यावर फुटणार. ती त्याला म्हणाली, तुम्ही विहिरीतलंच पाणी पोहऱ्यात आणलं, विहीर माझी होती. त्याचं त्याला फारसं समाधान झालं नाही.

मग लिफ्टच्या कंपनीकडून बोलावणं आलं. फेरचौकशी, व्हिडिओवर. तपासनीस बाई पडद्यावर दिसल्या. तिच्याच वयाच्या, पांढरे केस मागे ओढून बांधलेले, शेजारी गार झालेल्या चहाचा पेला. चेहऱ्यावरून त्या कडक वाटल्या नाहीत. त्यांनाही आपल्यासारखंच उठून पाय मोकळे करायचे असावेत, असं हिला वाटून गेलं. बाकी दोन-तीन अधिकारी होते, पण बोलल्या त्या बहुतेक एकट्याच.

त्यांनी पहिला प्रश्न नेमका विचारला, की हे शेपूट येतं नोंद करणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरून. मग त्याने आपलं घड्याळ मुद्दाम चुकीचं लावलं असेल तर?

यावर गोल गोल बोलता आलं असतं. ती म्हणाली, तर आमचं सॉफ्टवेअर फसेल. संगणक जी वेळ सांगेल ती ते मुकाट्याने लिहून घेतं.

अधिकाऱ्यांपैकी एकाने मान हलवली, झालं तर मग, अशा अर्थी. पण तपासनीस बाईंनी मान हलवली नाही. त्यांनी विचारलं, की वेळ सोडून दुसरं काही आहे का, ज्यावरून आधी काय आणि नंतर काय हे कळेल? तिने सांगितलं, आहे. प्रत्येक नोंदीच्या पोटात तिच्या आधीच्या नोंदीची खूण असते. भिंतीतल्या विटांसारखं. वरचा थर लागल्यावर खालची वीट मागाहून सरकवता येत नाही, भिंत पाडावी लागते. तेव्हा त्याच्या नोंदीवर लगोलग कुणाची नोंद रचलेली आहे ते बघा, आणि ती त्यांनी कधी केली ते त्यांना विचारा.

तपासनीस बाईंनी चष्मा चढवला आणि स्वतःच यादी उघडली. वेगळी आज्ञा कशी द्यायची ते तिने सांगितलं, त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं. पडद्यावर शेपटं उमटली. त्याच्या नोंदीवर रचलेली नोंद त्यांच्याच कार्यालयातल्या एका माणसाची निघाली, तिथल्याच घड्याळाने सकाळी दहाच्या सुमाराची. तो माणूस पलीकडच्याच खोलीत बसायचा. त्याला बोलावलं. तो म्हणाला, हो, त्या दिवशी सकाळी मी त्याचा बदल घेऊनच पुढे काम केलं, मला कुणी विचारलंच नाही.

मग तपासनीस बाई तिच्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता.

“एक सांगा. ‘स्थानिक’ असं लिहिताना, कुणाचं स्थानिक, हे तुमच्या मनात आलं नाही?”

ती म्हणाली, “तेव्हा आमची सगळी गिऱ्हाइकं एकाच गावात होती. मला एकच स्थानिक माहीत होतं.”

तपासनीस बाईंनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्या किंचित हसल्यासारख्या वाटल्या, पण पडद्यावर नक्की कळत नाही.

निकाल लागायला आणखी काही आठवडे गेले. त्या माणसावरचा चोरून बदल घुसवल्याचा ठपका पुसला गेला आणि नोकरी परत देऊ असं त्याला कळवण्यात आलं. हे त्याने स्वतः फोन करून सांगितलं. या वेळी बाळ मागे जोरात हसत होतं. त्याने नोकरी परत घेतली नव्हती. मधल्या काळात तो एका शाळेत संगणक शिकवायला लागला होता, पगार कमी, पण मुलं घड्याळ बघत नाहीत, फक्त घंटेची वाट बघतात, असं म्हणाला. त्याने तिचे आभार मानले. आभार ऐकायची तिला सवय नव्हती, तिने भलतंच काहीतरी उत्तर दिलं, बाळाचे दात आले का असं काहीसं.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जरा चाचरत. ठपका त्याच्यावरून उठला तो हवेत विरला नव्हता. बदल मुदतीआधीच आलेला होता, म्हणजे तो तपासायला हवा होता, आणि तपासणीत तो सुटला होता. तपासणी करणारी एक मुलगी होती, नव्यानेच लागलेली. तिला ताकीद मिळाली होती. तिच्यापुढे त्या आठवड्यात कामाचा ढीग होता, हे तो जाणून होता. त्याने तसं कंपनीला कळवलंही. उत्तर आलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या मुलीचा विचार करत बसली, जिचा चेहराही तिला माहीत नव्हता. एकाला आगीतून काढावं तर दुसरं कुणीतरी फुफाट्यात पडतंच. आपण काही चुकीचं केलं असं तिला वाटत नव्हतं. बरं वाटतंय असंही म्हणवत नव्हतं. त्या मुलीसाठी तपासनीस बाईंना चार ओळी लिहाव्यात असं तिच्या मनात आलं, आणि तिने लिहिल्या. तुमच्या माणसांची कामं मला कळत नाहीत, पण एका हातात किती ढीग मावतो हे मला कळतं, असं काहीतरी. त्याचं उत्तर तपासनीस बाईंनी दिलं. तुमचं म्हणणं पोचलं, एवढंच. ताकीद मागे घेतली की नाही, ते तिला कधीच कळलं नाही.

लिफ्टवाले गिऱ्हाईक तुटलं नाही. मालक इतके दिवस ज्याला घाबरत होते ते घडलंच नाही, आणि न घडल्याचा त्यांना थोडा रागच आल्यासारखा दिसला. पुढच्या बैठकीत तिने सांगितलं, की शेपूट परत पडद्यावर आणायचं. आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच छापायची, म्हणजे तीन चार की चार तीन हा घोळ कायमचा मिटेल. मालक म्हणाले, करा. इतक्या पटकन म्हणाले, की तिने वाद घालायला आणलेले मुद्दे हातातच राहिले.

सगळ्यात अवघड गेल्या त्या फार जुन्या नोंदी. आधीच्या एका सॉफ्टवेअरमधून गिऱ्हाइकांनी त्या उचलून आणल्या होत्या आणि त्यांना शेपूट मुळातच नव्हतं. तिथे शून्य छापावं, असं सगळ्यांचं मत पडलं, कारण रिकामं दिसलं की लोक विचारतात. ती ऐकेना. शून्य म्हणजे या माणसाचं घड्याळ जगाच्या घड्याळाबरोबर होतं असं विधान झालं, आणि ते आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही तिथे माहीत नाही असंच लिहा. दाढीवाला म्हणाला, बाई, ‘माहीत नाही’ असं छापणारं सॉफ्टवेअर विकत कोण घेईल? पण तिने तसंच केलं.

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि तक्रारींचा पूर आला. शेपूट कशाला, ओळ लांब होते, कागदावर मावत नाही. वर्ष आधी कशाला, आम्ही काय वेडे आहोत? ‘माहीत नाही’ हे काय उत्तर झालं? एका गिऱ्हाइकाने लिहिलं, की तुमचं सॉफ्टवेअर पूर्वी किती सुटसुटीत होतं. आठवडाभरात मालक तिच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, की एक बटण द्या, ज्याला शेपूट नको त्याने लपवावं. तिने बटण दिलं. मात्र चौकशीसाठी छापायचा जो कागद असतो, त्यावर ते बटण चालणार नाही अशी व्यवस्था तिने केली, आणि तसं मालकांना सांगितलंही. ते म्हणाले, ठीक आहे. उठताना त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागला.

तेव्हाच तिने विचारून टाकलं, की आठवड्यातून चारच दिवस आले तर चालेल का? मागायचं असं काही आधी ठरवलेलं नव्हतं. मालक उभेच होते. पगार तेवढा कापावा लागेल, म्हणाले. ती म्हणाली, कापा. शुक्रवार घ्या मग, असं म्हणून ते केबिनकडे गेले.

पहिल्या शुक्रवारी नेमकं कुठल्यातरी सरकारने उन्हाळ्याच्या घड्याळाबद्दल काहीतरी जाहीर केलं. दाढीवाल्याचा मेसेज आला. तिने तो वाचला, सोमवारी बघते असं लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. नवरा दुपारी बेकरीतून आला तेव्हा ती घरात होती, याचं त्याला जरा नवल वाटलं. घरात काही झालंय का, असं त्याने विचारलं. काही नाही, म्हणाली. त्याने पिशवीतून पाव काढला, दोघांनी स्वयंपाकघरात बसून चहाबरोबर खाल्ला. मग तो आडवा झाला आणि थोड्या वेळाने तीही जाऊन आडवी झाली. बाहेर सासूबाई टीव्ही बघत होत्या, आवाज भिंतीतून येत होता. एरवी ती उठून सांगायला गेली असती. त्या दिवशी गेली नाही, आणि आवाज चालू असतानाच तिला झोप लागली.